नोकरी सोडून वेबसाइटच चालवू का?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात नेटवर्क इंजिनिअर, वय 34, हातात पगार 62,000. घरखर्च 45,000, त्यातच गृहकर्जाचा 19,000 हप्ता. सबनेटिंग, व्हीलॅन, राउटिंग असे कॉम्प्युटर नेटवर्किंगचे विषय मराठीत शिकवणाऱ्या तुमच्या वेबसाइटवरून महिन्याला सरासरी 31,000 सुटतात. आता नोकरी सोडायची आणि पीएफच्या 6.8 लाखांतून 4 लाख काढून लॅब आणि स्टुडिओ उभारायचा, असं तुमच्या मनात आहे.

तुमचं काम मला मनापासून आवडलं. तालुक्याच्या ठिकाणी डिप्लोमा करणाऱ्या मुलांना हे त्यांच्या भाषेत समजावणारं माणूस हवंच. तरीही माझं उत्तर: आत्ता राजीनामा नको, आणि पीएफला हात तर अजिबात नको.

कारण 31,000 ही एक रक्कम नाही. जाहिरातींचे 8,000, रेकॉर्डेड कोर्सचे 11,000 आणि दवाखाने, सीएंची ऑफिसं, दुकानं यांच्या नेटवर्कच्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, 12,000. सर्चमधला क्रम घसरला की जाहिरातींचे पैसे महिन्याभरात निम्म्यावर येतात, म्हणून ते मी शून्य धरतो. कोर्सही कायमचा टिकत नाही. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यासक्रम 2020 मध्ये पूर्ण बदलला, 2024 मध्ये त्यात पुन्हा भर पडली. प्रत्येक वेळी व्हिडिओ नव्याने करणं आलं. शिवाय त्या परीक्षेची फी 300 डॉलर. ती भरताना मुलाच्या घरचे आधीच मेटाकुटीला येतात, त्यामुळे कोर्सची किंमत फार वाढवता येणार नाही. हे उत्पन्न मी निम्मं धरतो. एएमसी पूर्ण धरली तरी बेरीज 17,500 होते. हप्ताही निघत नाही.

त्यात कंपनीचा मेडिक्लेम जाईल. पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी, राजीनाम्याआधीच घ्या. आधीपासूनच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतचा प्रतीक्षाकाळ तेवढा लवकर सुरू होईल. टर्म इन्शुरन्सचा उल्लेख पत्रात नाही. नसेल तर या महिन्यातच घ्या.

पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होतं. दर 8 टक्के धरला तर आज काढलेले 4 लाख तुमच्या 58व्या वर्षी सुमारे 25 लाख झाले असते. स्टुडिओसाठी ही किंमत फार आहे. लॅबलाही एवढा खर्च लागत नाही: कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभारून सराव करायच्या सॉफ्टवेअरपैकी पॅकेट ट्रेसर फुकट आहे, जीएनएस3 बऱ्या लॅपटॉपवर चालतं, हात बसवायला दोन-तीन सेकंडहँड नेटवर्क स्विच पुरतात. चांगला माइक मात्र जरूर घ्या, शिकवणं आवाजावर चालतं. हे सगळं 60-70 हजारांत, वेबसाइटच्याच कमाईतून होईल.

वाढवायची ती एएमसी. तुमचे मराठी व्हिडिओ पाहून जे दुकानदार फोन करतात, तेच उद्याचे ग्राहक. करार वर्षाचा, पैसे तिमाहीचे आगाऊ. एएमसी सलग वर्षभर महिना 30,000 वर राहिली आणि बँकेत 3 लाख बाजूला असले, की राजीनाम्याचा विषय मी स्वतः काढेन.

तोवर नियुक्तिपत्रातलं बाहेरच्या कामाविषयीचं कलम वाचा आणि लागेल तिथे लेखी परवानगी घ्या. वेबसाइटची मिळकत रिटर्नमध्ये व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवा, तिच्यासाठी वेगळं बँक खातं उघडा. मार्चनंतर त्या खात्याचा उतारा, एएमसी, कोर्स आणि जाहिराती वेगळ्या करून, मला पाठवा.