डीव्हीडीवर मागचे स्पीकर वाजतात, टेस्ट टोनही (रिसीव्हरचा स्पीकर तपासण्याचा आवाज) पाचही स्पीकरमधून येतो, पण त्याच चित्रपटाची रिप केलेली (डिस्कवरून उतरवून घेतलेली) फाइल पेनड्राइव्हवरून टीव्हीत लावली की पुढचे दोनच वाजतात. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बिघडला का? नवीन घ्यावा का?

नाही, बिघडलेला नाही आणि नवीन घेऊ नका. डिस्क लावल्यावर मागचे स्पीकर वाजतात, टेस्ट टोन पाचही स्पीकरमधून येतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वायरी, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर सगळं शाबूत आहे. दोष एकतर फाइलमध्ये आहे, नाहीतर ती रिसीव्हरपर्यंत ज्या वाटेने पोचते त्या वाटेत. 'आतला बोर्ड गेलाय' असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनीही झाकण न उघडता हेच निदान केलं होतं.

आधी फाइल चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' (दाबून भरलेला आवाज) दिसतंय की 'पीसीएम' (न दाबलेला)? बऱ्याच रिसीव्हरवर आत येणाऱ्या सिग्नलचे चॅनल दाखवणारी बारीक अक्षरं असतात: एल (डावा), सी (मधला), आर (उजवा), एसएल आणि एसआर (मागचे डावा-उजवा), एलएफई (खर्जाचा). त्यातली फक्त एल आणि आर पेटली असतील तर रिसीव्हरला दोनच चॅनल मिळताहेत, तो बिचारा बाकीचे आणणार कुठून? रिसीव्हरचा 'प्रो लॉजिक' मोड लावला की मागून थोडा आवाज येतो, पण तो दोन चॅनलवरून बांधलेला अंदाज असतो. मूळ मिक्स नव्हे.

मग फाइल मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. ऑडिओखाली २ चॅनल लिहिलं असेल तर गुन्हेगार सापडला. ६ चॅनल असतील तर वाट तपासायची. त्याकडे येतो, पण आधी हे सांगू द्या, कारण या प्रश्नावरून आमच्या घरात बरीच वादावादी झाली आहे.

माझ्या वडिलांनी डीव्हीडींचा चांगला संग्रह केला होता. बहिणीचे यजमान, आमचे दाजी, कॉम्प्युटरमधले जाणकार समजले जातात. त्यांनी हौसेने तो सगळा संग्रह हार्ड डिस्कवर उतरवून दिला. एमपी४ फाइली, आटोपशीर. डिस्क आता देऊन टाका म्हणाले. मी नाही म्हणालो, तेव्हा मला जुन्या गोष्टी कवटाळून बसणारा ठरवलं गेलं.

त्यानंतर वडील चित्रपट बघताना सारखे विचारायला लागले, "काय म्हणाला तो?" आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येई आणि संवाद तसेच पुसट. दाजींनी जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर सांगितलं की बाबांचे कान तपासून घ्या. वडील काही बोलले नाहीत, पण नंतर त्यांनी चित्रपट लावायचंच कमी केलं. याचा मला आजही राग आहे.

एकदा घरी कोणी नसताना मी एका चित्रपटाची फाइल आणि त्याचीच डिस्क, दोन्हींमधला एकच प्रसंग आलटून पालटून लावला. फाइलवर एल आणि आर. डिस्कवर सहाच्या सहा अक्षरं पेटली आणि माणूस पडद्याच्या मधोमधून बोलायला लागला. वडिलांची खुर्ची डावीकडे, डाव्या स्पीकरच्या अगदी जवळ. ५.१ मध्ये (पाच चॅनल आणि एक खर्जाचा) बहुतेक संवाद मधल्या चॅनलवर असतात. त्याचं स्टिरिओ करताना हा मधला चॅनल साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात सारखा कालवतात, मागचे चॅनलही त्यातच जातात, आणि एलएफई बहुतेक वेळा सरळ टाकून देतात. बरोबर मध्यभागी बसलेल्याला संवाद मधून आल्याचा भास तरी होतो. कडेला बसलेल्याला सगळा गलका जवळच्या स्पीकरमधून एकत्र ऐकू येतो. मी डिस्क लावून फक्त सेंटर स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढवली आणि वडिलांना हाक मारली. त्यांनी अख्खा चित्रपट बघितला, एकदाही कोणाला काही विचारलं नाही. कान ठीक होते. त्यांना ऐकायला दिलेला आवाजच निम्मा फेकून दिलेला होता.

आणि हे सेंटर वाढवण्याचं काम स्टिरिओ फाइलवर करताच येत नाही. रंग एकमेकांत कालवले की वेगळे काढता येत नाहीत, तसंच हे.

दाजींचं म्हणणं, जागा वाचते. हिशेब करू. डीव्हीडीवरचा ५.१ डॉल्बी डिजिटल ट्रॅक सहसा ४४८ केबीपीएसचा (सेकंदाला किलोबिट) असतो, म्हणजे २ तासांच्या चित्रपटाला साधारण ४०० एमबी. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रामचा नेहमीचा प्रीसेट (तयार सेटिंग) १६० केबीपीएसचा एएसी (आवाज दाबण्याचा आणखी एक प्रकार) स्टिरिओ करतो, तो १४५ एमबीच्या आसपास. वाचले २६० एमबी. जागा खरी वाचते ती चित्र आकसल्यामुळे. आवाजाला हात लावायचं काहीच कारण नव्हतं. त्याच हँडब्रेकमध्ये ऑडिओच्या पानावर 'एसी३ पासथ्रू' (एसी३ म्हणजेच डॉल्बी डिजिटल) निवडता येतं, मूळ ट्रॅक जसाच्या तसा फाइलमध्ये जातो. ज्याला ही एक ओळ बदलायचं सुचत नाही त्याने दुसऱ्याच्या कानांबद्दल बोलू नये.

आता वाट. तुमचा पेनड्राइव्ह टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला, तर डीव्हीडी प्लेयर थेट रिसीव्हरला, असं दिसतंय. ऑप्टिकलमधून दोन चॅनलचं पीसीएम जातं, किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएससारखं दाबलेलं ५.१. सहा चॅनलचं पीसीएम, डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ तिच्यातून जात नाही, केबल कितीही महागाची आणा. फाइलमध्ये एएसी ५.१ असेल तर टीव्ही ते उलगडून बहुधा दोन चॅनलचं पीसीएम पुढे ढकलतो. डीटीएस तर कित्येक टीव्ही पुढे जाऊच देत नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

माझं ऐकाल तर टीव्हीला या वाटेतून काढूनच टाका. मीडिया प्लेयर एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडा, रिसीव्हरमधून चित्र टीव्हीला द्या. रिसीव्हर ऑप्टिकलपुरताच असेल तर कोडी या मीडिया प्लेयर प्रोग्राममध्ये पासथ्रू चालू करा, चॅनलची संख्या २.० ठेवा आणि 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' चालू करा. ही २.० ची अट उलटी वाटते, पण ट्रान्सकोडिंगचा पर्याय तेव्हाच दिसतो. मग एएसी ५.१ चं कोडी चालता चालता डॉल्बी डिजिटल करून देतो. कायमचा इलाज हवा असेल तर एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने चित्राला न शिवता फक्त ऑडिओ एसी३ मध्ये ६४० केबीपीएसला बदलून घ्या. पण फाइल २ चॅनलची निघाली तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, डिस्क पुन्हा रिप करावी लागेल. मेकएमकेव्ही या रिप करायच्या प्रोग्रामने करा. तो काहीच आकसत नाही, डिस्कवरचं आहे तसं एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत ठेवतो.

पुन्हा रिप करायला घेण्याआधी एवढं बघून घ्या. काही जुने चित्रपट मुळातच मोनो किंवा स्टिरिओ असतात, त्यांच्या डिस्कवरही मागे काही नसतं. एमकेव्हीत अनेक ऑडिओ ट्रॅक असतात आणि कधीकधी दिग्दर्शकाच्या निवेदनाचा दोन चॅनलचा ट्रॅकच आपोआप निवडला जातो, तेव्हा रिमोटवरून ट्रॅक बदलून पाहा. आणि आमच्या वडिलांच्या कानांचं मी लिहिलं म्हणून तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांची तपासणी टाळू नका. फक्त ती डिस्प्लेवरची अक्षरं वाचून झाल्यावर करा, आधी नको.