जपानी साहेबांविषयी विचारलेत म्हणून

चाकणची नोकरी सोडून नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आपण रुजू होणार आहात, पत्नी आणि दुसरीतली मुलगी बरोबर येणार आहेत, आणि यशस्वी जपानी कंपन्यांतले वरिष्ठ हाताखालच्या माणसांशी नेमके कसे वागतात, असे आपण विचारले आहे. व्हिसा, विमा, घरभाडे यांची माहिती वकिलातीच्या आणि कंपनीच्या कागदांत मिळेल, ती मी पुन्हा लिहीत नाही. वरिष्ठांविषयी मात्र लिहितो, कारण आपला प्रश्न वाचल्यापासून माझ्या मनातले जुने काहीतरी वर आले आहे.

भारतात जपानी नेतृत्वाचे जे कौतुक होते, ते खोटे नाही. १९८३ साली मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा सुझुकी कंपनीचे प्रमुख ओसामु सुझुकी यांच्या आग्रहामुळे गुडगावात साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच कँटीन मिळाले. त्या काळच्या आपल्या कारखान्यांत हे नवलच होते. येथे जपानात विभागप्रमुखाला बहुधा केबिन नसते. जोडून लावलेल्या टेबलांच्या टोकाला तो सर्वांकडे तोंड करून बसतो, त्यामुळे त्याचा फोन आपल्याला ऐकू येतो आणि आपला त्याला. काही बिघडले की पहिली मान त्याची झुकते. २०१० मध्ये गाड्या परत मागवण्याचे प्रकरण पेटले, तेव्हा टोयोटाचे अध्यक्ष अकिओ तोयोदा स्वतः अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन माफी मागून आले. २०१४ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्तेन्दोचे गणित चुकले, तेव्हा तिचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्म्यावर आणला.

निर्णय मात्र बैठकीत होत नाहीत, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. ज्याला काही बदल हवा असतो, तो आधी संबंधित प्रत्येकाला वेगवेगळे गाठून त्याचे म्हणणे ऐकतो (याला नेमावाशी म्हणतात), मग प्रस्तावाचा कागद खालून वर एकेकाच्या शिक्क्यासाठी फिरतो, आणि बैठक भरते तोवर बोलण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून बैठकीत एकदम नवी कल्पना मांडली, तर कोणी विरोध करणार नाही आणि पुढे काही घडणारही नाही. या पद्धतीत वेळ फार जातो, पण एकदा ठरले की काम अडत नाही. संकटात मात्र हेच लोक कठोर होऊ शकतात. २०१० मध्ये दिवाळे निघालेली जपान एअरलाइन्स ही विमानकंपनी क्योसेरा या उद्योगाचे संस्थापक काझुओ इनामोरी यांनी वयाच्या ७८व्या वर्षी बिनपगारी हाती घेतली आणि २०१२ मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात आली. पण त्या वाटेवर सुमारे १६ हजार नोकऱ्या गेल्या, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सर्वांना विचारून निर्णय घेणाऱ्या या व्यवस्थेच्या ‘सर्वां’मध्ये आपले घर धरलेले नसते. माझ्या बदलीबाबत विभागात प्रत्येकाचे मत घेतले गेले होते, आणि मला ती मार्चच्या मध्यावर कळली. १ एप्रिलला दक्षिणेकडील क्यूशू बेटावर हजर व्हायचे होते. मुलीला तिसरीत नुकती कुठे भाषा बसली होती, म्हणून तिला आणि पत्नीला मागे ठेवून मी एकटा गेलो. येथे असे एकटे गेलेले बाप इतके आहेत की, कोणी भुवईही उंचावत नाही. शाळेतून रोज छापील कागदांचा गठ्ठा येतो: उद्या पाण्याची बाटली कोणत्या मापाची आणायची, हात पुसायच्या फडक्याला नाडी कुठे शिवायची. पत्नीला जपानी वाचता येत नसे, म्हणून आठ-नऊ वर्षांची मुलगी ते आईला मराठीत सांगू लागली. आणि पालकसभेचे कागद मात्र वगळू लागली, कारण सभेत आई गप्प बसते हे तिला पाहवत नव्हते. मला हे फार उशिरा कळले, आणि त्याचा राग आजही उतरलेला नाही. माझ्या साहेबांवर रागावावे, तर ते स्वतः पाच वर्षे घरापासून दूर राहिलेले, मला निरोप द्यायला स्टेशनवर आलेले. अशा भल्या माणसाला काय बोलणार? जे आपण सोसले ते दुसऱ्यानेही सोसावे, यात त्यांना काही वावगे दिसत नव्हते.

न्यायालयाचाही कल असाच होता. १९८६ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने बदली नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात कुटुंबापासून दूर राहावे लागणे ही सामान्यतः सोसण्याजोगी गैरसोय मानली. मात्र एप्रिल २०२४पासून कामाचे ठिकाण पुढे कुठवर बदलू शकते, हे रुजू करून घेताना लेखी सांगणे कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. आपल्या कागदावर ती ओळ शोधा. तिथे ‘कंपनी ठरवील ते ठिकाण’ असे असेल, तर सही करण्यापूर्वीच मुलीच्या शाळेचा विषय काढा. आत गेल्यावर तो काढायला जागा उरत नाही.

एकटेपणाचेही आपण विचारले आहे. तो असतो, आणि सवय होते.

आणखी एक. आपल्या पासपोर्टात नावापाठोपाठ वडिलांचे नाव असते, त्यामुळे बँक, घरमालक आणि शाळा आपल्याला तीन वेगवेगळ्या नावांनी ओळखू लागतात, आणि पुढे प्रत्येक अर्जाबरोबर ही तिन्ही माणसे एकच असल्याचे सिद्ध करावे लागते. काताकानात (परकी नावे लिहिण्याच्या जपानी लिपीत) नाव कसे लिहायचे ते येण्यापूर्वीच ठरवा, पत्नीचे आणि मुलीचेही, आणि पहिल्या अर्जापासून तेच लिहा.