इंदूरमध्ये अकरा वर्षांच्या मुलीला तिरंदाजी कशी सुरू करून द्यावी? पुढे धनुष्याने शिकारही शिकता येईल का?

तिरंदाजी आत्ताच सुरू करा, शिकार मात्र नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती भारतात बंद आहे, धनुष्याने असो वा बंदुकीने. मी इथे मुलींच्या सरावाला मदतनीस असते, त्यावरून सांगते. लगेच धनुष्य विकत घेऊ नका. क्लबचंच रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) वापरू द्या, १४ ते १८ पाउंड ओढीचं, म्हणजे दोरी खेचायला तेवढा जोर लागणारं, आणि ८-१० मीटरवरून. जड धनुष्याने खांदा दुखावतो. तिचा कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना कोणता पुढाकार घेतो, ते आधी तपासून घ्या, दोरी कोणत्या हाताने ओढायची ते त्यावर ठरतं. दोरीपासून हात, बोटं आणि छाती वाचवायला आर्मगार्ड, बोटांचा टॅब, चेस्टगार्ड हवेतच; केस बांधलेले, कानांत डूल नकोत, ओढणी नको.

आणि शेजारी एखादी अनुभवी ताई उभी राहील अशीच बॅच शोधा. चेस्टगार्ड नीट बसत नाही, दोरी लागून हातावर वळ उठला, पाळीत सराव करू का, हे मुली सरांना विचारत नाहीत. गप्प बसतात आणि मग येणंच बंद करतात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली १७व्या वर्षी जगज्जेती झाली, हे लेकीला जरूर सांगा. मात्र अदितीचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, आहे. ते प्रशिक्षक म्हणतील तेव्हाच.