सॉफ्टवेअर एजंटांची घासाघीस: समोरच्याचं कारण कधी मानायचं?

खरेदी-विक्रीची बोलणी सॉफ्टवेअर एजंटांवर, म्हणजे आपल्या वतीने बोलणाऱ्या प्रोग्रामांवर, सोपवणाऱ्या वाचकांचे प्रश्न वाढले आहेत आणि बहुतेकांत एकच गल्लत दिसते. समोरच्या एजंटने कारण दिलं की ते खरंच असणार, असं धरून चालतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आमचा एजंट किंमत सांगतो, समोरचा आपली सांगतो, मध्ये कुठेतरी सौदा जमतो. मग युक्तिवाद हवा कशाला?

अडत असेल ते फक्त किमतीवर, तर नकोच. आळीपाळीच्या बोलीने काम होतं आणि ती तपासायलाही सोपी असते. युक्तिवाद लागतो तो समोरच्याची गरज दुसऱ्या रीतीने भागू शकते, पण त्याला ते ठाऊक नाही, अशा वेळी. पार्सन्स, सिएरा आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९९८ मध्ये दिलेलं उदाहरण मला अजूनही सगळ्यांत स्वच्छ वाटतं. एका एजंटला चित्र टांगायचं आहे. त्याच्याकडे हातोडी, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर आहे, खिळा नाही. दुसऱ्याला आरसा टांगायचा आहे. त्याच्याकडे खिळा आहे, हातोडी नाही. नुसता खिळा मागितला तर दुसरा देणार नाही, कारण त्याचा सगळा बेत त्या खिळ्यावर आहे. पण ‘आरसा स्क्रूनेही टांगता येतो, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर घे, खिळा दे’ असं म्हटलं की त्याचा बेतच बदलतो आणि दोघांचं काम होतं. तुमच्या मालात असा वाव आहे का, ते खरेदी विभागासोबत बसून ठरवा. प्रोग्रामरने एकट्याने ठरवायची ही गोष्ट नाही.

प्रश्न: एजंट एमसीपी किंवा ए-टू-ए हे जोडणीचे प्रोटोकॉल वापरतो, म्हणजे वाटाघाटीची सोय त्यात आलीच ना?

नाही. एमसीपी एजंटला साधनं आणि माहिती जोडून देतो, ए-टू-ए एजंटांना एकमेकांकडे काम सोपवू देतो. प्रस्ताव, आक्षेप आणि माघार यांचे नियम तुम्हालाच लिहावे लागतात.

प्रश्न: दोन एजंट एकमेकांना उत्तरं देतच राहतात. कुणाचं म्हणणं टिकलं हे कसं ठरवायचं?

शेवटी बोलला तो जिंकला, असा नियम कुणी सुचवला असेल तर सोडून द्या. आधी बोलण्याला शिस्त लावा. प्रत्येक विधानाला क्रमांक द्या, ते आधीच्या कोणत्या विधानाला उत्तर आहे ते नोंदवा, एकाच एजंटला तोच मुद्दा पुन्हा मांडू देऊ नका आणि फेऱ्यांना मर्यादा घाला.

मग निकाल. संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह झुंग यांची १९९५ ची मांडणी यासाठी पुरते. ज्या मुद्द्यावर कुणाचाच आक्षेप नाही तो मान्य करा, त्याने खोडलेले मुद्दे बाद करा, आणि नवं काही मान्य होईनासं होईपर्यंत हेच पुन्हा करा. समजा, ग्राहक म्हणतो, ‘५०० नग घेतो, ३ टक्के सवलत द्या.’ विक्रेता म्हणतो, ‘सवलत १००० नगांवरच.’ ग्राहक म्हणतो, ‘तुमच्या दरपत्रकात ५०० वर आहे.’ विक्रेता म्हणतो, ‘ते दरपत्रक ३१ ऑगस्टला संपलं.’ शेवटच्या मुद्द्यावर आक्षेप नाही, म्हणून तो मान्य. तिसरा पडला, दुसरा परत उभा राहिला, सवलत गेली. दोन मुद्दे एकमेकांनाच खोडत असतील तर या पद्धतीत दोन्ही अनिर्णित राहतात. तिथे नाणेफेक करू नका, माणसाकडे पाठवा.

आता दरपत्रक खरंच संपलं होतं का, हे मात्र हा हिशेब सांगत नाही. ते कागद पाहूनच कळतं, आणि कागद मिळत नसेल तर प्रश्न विश्वासाचा होतो.

प्रश्न: एका विक्रेत्याने त्याच्या एजंटचा ‘विश्वास गुणांक ९८ टक्के’ दाखवला. तेवढ्यावर थेट करार करायला हरकत आहे का?

हरकत आहे, आणि मोठी आहे. हा आकडा कशाचा आहे, कुणी काढला आणि किती व्यवहारांवरून काढला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका.

पत मोजण्याची एक सरळ रीत योसांग आणि इस्माईल या संशोधकांनी २००२ मध्ये दिली. चांगल्या व्यवहारांत १ मिळवा, एकूण व्यवहारांत २ मिळवा, भागाकार करा. इतिहास नसेल तर ०.५ येतो, एका चांगल्या व्यवहारावर ०.६७. थोड्या अनुभवावर भरमसाट भरवसा बसत नाही, हा तिचा गुण. पण तीही आंधळेपणाने वापरली तर फसवते. समजा, एका एजंटने २०० रुपयांचे ९९ व्यवहार चोख केले आणि शंभराव्या, २ लाखांच्या व्यवहारात हात वर केले. गणती केली तर त्याची पत ०.९८ निघते. रुपयांत मोजा: २,१९,८०० पैकी पाळले फक्त १९,८००, म्हणजे ९ टक्के! तुम्हाला दाखवलेला ९८ चा आकडा असाही तयार झालेला असू शकतो.

म्हणून पत रकमेच्या प्रमाणात मोजा. वेळेवर पोचवणं, दर्जा आणि बिलाचा खरेपणा यांची पत वेगवेगळी ठेवा. वेळ पाळणारा दर्जा पाळेलच असं नाही. जुना अनुभव हळूहळू विसरायची सोय करा: प्रत्येक नव्या व्यवहाराला आधीची बेरीज ०.९५ ने गुणली तर हिशेबात साधारण शेवटच्या २० व्यवहारांइतकंच वजन उरतं, आणि वागणूक बदलली की लवकर दिसतं. इतरांच्या साक्षी घ्या, पण ज्याची आधीची साक्ष तुमच्या अनुभवाशी जुळली त्याच्याच साक्षीला वजन द्या.

सगळ्यांत धोक्याची गोष्ट ओळखीची. नवं नाव घेणं फुकट असेल तर बदनाम एजंट उद्या कोरा होऊन परत येतो, आणि एकच मालक पन्नास नावांनी स्वतःची तारीफ करतो. संशोधक डाउसर यांनी २००२ मध्येच दाखवलं की ओळख तपासणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर बनावट नावांचा हा हल्ला व्यवहारात रोखता येत नाही. तेव्हा एजंटच्या नावावर पत लिहू नका. त्यामागच्या नोंदणीकृत कंपनीवर लिहा, जीएसटी क्रमांक तपासून. ‘प्रमाणित विश्वासू’ अशी पदकं विकणाऱ्यांना ‘ओळख कशी तपासता?’ हाच पहिला प्रश्न विचारा, आणि मोठ्या कराराआधी सुरक्षा तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न: आमचा भाषा-मॉडेलवरचा एजंट समोरच्याच्या गोड बोलण्याला भुलून किमान दराखाली उतरला. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या लेखी सूचनेत, ‘उतरू नकोस’ असं ठळक लिहिलं तर?

पुरणार नाही. समोरून आलेला मजकूर आणि तुमची सूचना मॉडेलला एकाच प्रवाहात दिसतात. म्हणून ‘मागील सूचना रद्द’ असा युक्तिवादही सूचना ठरू शकतो. किमान दर प्रॉम्प्टमध्ये लिहूच नका, विचारलं की तो ओकला जाऊ शकतो. दराची तपासणी मॉडेलबाहेरच्या साध्या कोडमध्ये ठेवा: दर, नग, तारीख ठराविक रकान्यांतून येतील, आणि मर्यादेबाहेरचा प्रस्ताव बाहेर पडणारच नाही.

प्रश्न: आमच्या एजंटने सगळी खरी कारणं सांगावीत का?

खोटं सांगू नये, पण सगळं सांगूही नये. ‘माल सोमवारपर्यंत हवाच’ एवढं कळलं तरी दर चढतो.

प्रश्न: एजंटने केलेला करार कंपनीवर बंधनकारक असतो का?

सहसा असतो, असं धरूनच चाला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, आणि कलम ११ नुसार तुम्ही आपोआप चालेल अशी बसवलेली यंत्रणा जे पाठवते ते तुमचंच मानलं जातं. ‘मशीनने पाठवलं’ हा बचाव करता येईल असं कुणी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. एजंटच्या अधिकाराची मर्यादा करारात कशी घालायची, ते वकिलाकडून लिहून घ्या.

प्रश्न: तीन महिन्यांत आमच्या एजंटने दोनदा गोदामात नसलेला माल द्यायचं कबूल केलं. तिमाही संपल्यावर दुरुस्ती करू, असं आम्ही म्हणतो.

तोवर थांबू नका. हे दोन प्रसंग तुम्हाला कळले; आणखी किती आहेत ते लॉग, म्हणजे एजंटच्या कामाच्या नोंदी, पाहूनच कळेल. आजच त्याचा ‘मान्य’ पाठवण्याचा अधिकार काढा. प्रस्ताव त्याने पाठवावा, मान्यता माणसाने द्यावी. मग प्रत्येक कबुलीच्या वेळी साठ्याचा आकडा कुठून आणि किती वाजता घेतला ते शोधा. बहुधा सकाळचा आकडा दिवसभर वापरला जातो, किंवा दोन बोलणी एकदम चालू असताना तोच माल दोघांनाही दाखवला जातो. प्रस्ताव पाठवतानाच माल राखून ठेवायचा, प्रस्तावाला १५ मिनिटांची मुदत द्यायची, आणि मुदत संपली की माल मोकळा करायचा, म्हणजे दोन्ही दोष आटोक्यात येतात. आणि ज्या दोघांना शब्द दिला आहे त्यांना आज फोन करा.