आरपीजी गेममध्ये (एखादं पात्र बनून खेळायच्या गेममध्ये) एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलाल?

बाण. 'इथे जा' म्हणून होकायंत्रावर आणि नकाशावर नाचणारा तो बाण मी काढून टाकेन.

स्कायरिम (२०११) मी कित्येक महिने खेळलो, पण आज एखाद्या गावाचा रस्ता सांगा म्हणालात तर सांगता येणार नाही. डोळे सगळा वेळ पडद्याच्या वरच्या पट्टीवर. समोरचा काय बोलतोय ते ऐकायचं नाही, संवाद पटापट पुढे ढकलायचे आणि बाणामागे धावत सुटायचं. पार्सल पोचवणाऱ्यासारखं, फक्त कमरेला तलवार.

आता त्याच कंपनीचा २००२ चा मॉरोविंड बघा. पहिल्याच गावात, सेडा नीनमध्ये, दुकानाच्या माडीवर ह्रिसकार नावाचा कफल्लक भेटतो. गावातला फार्गोथ पैसे कुठे लपवतो ते शोध म्हणतो. कसं? रात्री दीपगृहावर चढ आणि नजर ठेव. बस, एवढंच. मी वर जाऊन अंधारात ताटकळत बसलो. खाली फार्गोथ इकडे-तिकडे बघत दलदलीत शिरला आणि एका झाडाच्या बुंध्यापाशी थांबला. तो गेल्यावर बुंध्यात हात घातला, तर पैशांबरोबर एक अंगठी. सुरुवातीला मीच त्याला परत दिलेली! अगदी चोरासारखं वाटलं.

बाण असता तर मी थेट बुंध्यावर जाऊन उभा राहिलो असतो.

मात्र नुसता बाण बंद करून भागत नाही. स्कायरिममध्ये तो बंद केलात तर बऱ्याच कामांत आपण हरवतो, कारण कुठे जायचं ते कुणी सांगतच नाही. आपल्याकडे पत्ता सांगतात तसा तो संवादातच यायला हवा: पुलापलीकडे डावीकडे, मोठ्या दगडाशी वर. लिहिणाऱ्याचं काम वाढतं, हे खरं. (मॉरोविंडमधले काही पत्ते साफ चुकीचे आहेत, तेव्हा शिव्याही घातल्यात.) ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी एखाद्या पात्राने नकाशावर खूण करून द्यावी. मॉरोविंडमध्ये काही जण देतातही.

आणखी एक मागणी, जाता जाता: आपल्या पात्राच्या ताकदीची पातळी वाढली की शत्रूंचीही वाढवू नका. ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) पुढे पुढे रस्त्यावरचा लुटारू अंगात महागडं काचेचं चिलखत घालून येतो आणि मागतो किती, तर १०० नाणी. अरे, ते चिलखतच विक की!