लेकीसाठी जुनं घर राखायचं, पण कुठवर?

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी आम्ही नवरा-बायको वेगळे झालो. मुलगी चार वर्षांची आहे. तिने आहे त्याच घरात राहावं आणि आम्ही आळीपाळीने तिथे येऊन राहावं, असं दोघांनाही वाटतं. एरवीसाठी प्रत्येकाने बाहेर एकेक खोली भाड्याने घ्यायची. नाहीतर घर विकून दोन लहान भाड्याची घरं करायची. दोघांच्या हाती येणाऱ्या पगाराचे १०० भाग धरले तर माझे ५८, त्यांचे ४२. घराचा हप्ता २६, कर्ज दोघांच्या नावावर, नऊ वर्षं बाकी. जुन्या घराचं वीज, पाणी, किराणा, देखभाल १४, मुलीचा खर्च १५. बाहेरच्या खोलीचं भाडं ११, मुलीला राहता येईल अशा लहान घराचं १७. खर्च निम्मा-निम्मा करणार आहोत. काय करावं?

उत्तर: तुम्ही मांडलंय तसं केलंत तर पगार पुरणार नाही. हप्ता, घरखर्च आणि मुलगी मिळून ५५ झाले. बाहेरच्या दोन खोल्यांचं भाडं आणि तिथलं थोडंफार बिल धरून आणखी २८. तुमचं दोघांचं येणं-जाणं, फोन, कपडे, बाहेरचं खाणं यासाठी प्रत्येकी ९ धरले, आणि त्याहून कमी धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक, तर बेरीज १०१ होते. विम्याचा हप्ता, आजारपण, बचत यांचा यात पत्ताच नाही.

घर विकलंत तर दोन भाडी ३४, दोन घरांचा चालू खर्च १८, मुलगी १५, तुमचं दोघांचं १८. एकूण ८५, हाती १५.

मधला एक रस्ता आहे. बाहेर एकच खोली घ्यायची आणि ज्याची पाळी नसेल त्याने तिथे राहायचं. मग खर्च ८७ वर येतो, हाती १३ उरतात. वरवर हे विक्रीपेक्षा महाग दिसतं, पण हप्त्यातला एक भाग मुद्दल फेडत असतो. व्याज ९ टक्के आणि मुदत नऊ वर्षं असेल तर आजच्या हप्त्यातले साधारण ४५ टक्के, म्हणजे २६ पैकी पावणेबारा, मुद्दलात जातात. तेवढी तुमची मालमत्ता वाढते. फक्त ती भिंतीत अडकलेली असते. डॉक्टरचं बिल तिच्यातून भरता येत नाही. शिवाय एका खोलीत, एकाच गादीवर आलटून-पालटून राहणं नव्याने वेगळ्या झालेल्या माणसांना जड जातं. दोघांपैकी कुणाची आईवडिलांकडे किंवा भावंडांकडे सोय होत असेल तर तो पर्याय याहून बरा.

म्हणून माझं मत असं: हाच मधला रस्ता धरा, पण शाळेचं चालू वर्ष संपेपर्यंतच, आणि शेवटची तारीख कागदावर घाला. तारीख नसली की ही व्यवस्था कुणाच्या तरी आयुष्यात नवं माणूस येईपर्यंत किंवा कुणाची तरी नोकरी जाईपर्यंत रेटली जाते. मग विक्री घाईत होते आणि भाव पडतो.

आता निम्म्या-निम्म्याबद्दल. सामायिक ५५ चे निम्मे साडेसत्तावीस. तुमच्या पगारातले ते ४७ टक्के होतात, त्यांच्या पगारातले ६५. उरलेल्यात त्यांना बाहेरचं भाडं भागवायचंय. दोन-तीन महिन्यांत त्यांचे पैसे उशिरा येऊ लागतील आणि तुम्हाला तो निष्काळजीपणा वाटेल, खरं कारण हे गणित असेल. पगाराच्या प्रमाणात वाटा: तुमचे ३२, त्यांचे २३. दोघांच्याही पगारातले ५५ टक्केच जातात. मुलगी दोघांकडे जवळपास सारखे दिवस राहणार आहे म्हणून हे गणित लागू पडतं. दिवस बदलले तर वाटणीही बदलायची.

हे पैसे तिसऱ्या, दोघांच्या नावावरच्या खात्यात जाऊ द्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, आपोआप. खात्यात एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम कायम पडून असावी. हप्ता, शाळा, दवाखाना, मुलीचे कपडे-चपला आणि जुन्या घराचा खर्च एवढंच तिथून. वाढदिवसाची खेळणी, फिरायला नेणं हे ज्याचं त्याने. किती रकमेवरच्या खरेदीआधी विचारायचं ते ठरवा, आणि त्याखालच्या खर्चाची पावती मागू नका. वर्षातून एकदा येणाऱ्या शाळेच्या फीचा बारावा भाग दरमहा बाजूला निघायला हवा; बहुतेक खाती कोलमडतात ती फीच्या महिन्यात. चार वर्षांच्या मुलीचा पायही भराभर वाढतो, दर तीन-चार महिन्यांनी माप पाहावं लागतं, तेव्हा चपलांची रक्कम वर्षातून एका जोडाची धरू नका.

भांडणं मात्र फीवरून कमी आणि रिकाम्या डब्यांवरून जास्त होतात. पाळी बदलताना घरात काय असलंच पाहिजे त्याची यादी फ्रिजवर लावा: दोन दिवसांचं दूध, तापाचं औषध मुदतीच्या आतलं, धुतलेले शाळेचे कपडे, साबण, बदललेली चादर. जाणाऱ्याने ते भरून जायचं, सामायिक खात्यातूनच. एवढ्या लहान मुलांसाठी पुष्कळजण दोन-दोन-तीन दिवसांची पाळी लावतात: सोमवार-मंगळवार एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे, शुक्रवार ते रविवार पुन्हा पहिल्याकडे, पुढच्या आठवड्यात उलट. तुमच्या व्यवस्थेत या प्रत्येक अदलाबदलीला पिशवी तुम्ही भरायची असते, मुलीने नाही. प्रवासखर्च त्या हिशोबानेच धरा.

कर्जाचं प्रकरण सगळ्यात नाजूक. तुमच्यात काहीही लेखी ठरलं तरी कर्ज देणाऱ्याला ते बांधील नसतं. दोघंही सहकर्जदार आहात, तेव्हा एकाने हात वर केले तर पूर्ण वसुली दुसऱ्याकडून होऊ शकते आणि थकबाकीची नोंद दोघांच्या नावावर लागते. त्या शेवटच्या तारखेनंतर घर तुम्हीच ठेवावं असं वाटत असेल तर आधी हे पाहा: २६ चा हप्ता एकट्या तुमच्या पगाराच्या ४५ टक्के आहे. त्यांच्या हिश्श्यासाठी वाढीव कर्ज घेतलंत आणि हप्ता ३४ वर गेला तर ते ५९ टक्के होतात. असं कर्ज एकटीच्या नावावर मंजूर होणं कठीण, झालं तरी पेलणं कठीण. मला विक्रीच योग्य वाटते. आणि त्यांचं नाव कर्जातून निघाल्याशिवाय घराचा हिस्सा सोडायला त्यांनीही तयार होऊ नये, हे त्यांच्या बाजूने सांगतो. कोर्टात काही चालू असेल तर विक्रीआधी वकिलाला विचारा.

आयुर्विमा दोघांचाही हवा, निदान मुलीच्या खर्चाएवढा. मुलीच्या १५ भागांचे १८ व्या वर्षापर्यंतचे १६८ महिने म्हणजे २,५२०, दोघांच्या पंचवीस महिन्यांच्या एकत्र पगाराएवढे. महागाई यात धरलेली नाही. कर्ज असेपर्यंत शिल्लक कर्ज त्यात मिळवा. अल्पवयीन मुलीचं नाव पॉलिसीवर नॉमिनी म्हणून लावताना तिच्या वतीने रक्कम कुणी सांभाळायची तेही लिहा. जुन्या पॉलिसीवर अजून एकमेकांचीच नावं असतील, ती तपासा.

आणि या आठवड्यातच कर्ज देणाऱ्याकडून शिल्लक कर्जाचं पत्र मागवा. आजची नेमकी रक्कम आणि मुदतीआधी फेडल्यास काही शुल्क लागत असेल तर तेही त्यात लिहून घ्या. तो आकडा हाती आल्यावर घराची किंमत दोन वेगवेगळ्या मूल्यांककांकडून काढा आणि मगच शेवटची तारीख घाला.