पहिला बार होतो, दुसरा येत नाही

(या सदरात प्रश्न विचारणाऱ्यांची नावं छापत नाही. कोणाच्या घरात बंदूक आहे हे गावभर कळायचं कारण नाही. पत्रावर गाव मात्र जरूर लिहा. गावावरून हवा कळते आणि हवेवरून बंदुकीचं अर्धं दुखणं.)

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष बागायतदार. माझ्याकडे बारा बोअरची, गॅसवर चालणारी सेमी ऑटो (बारानंतर पुढचं काडतूस आपणच भरून घेणारी) बंदूक आहे, रीतसर लायसन्सवर. 32 ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसांवर ती कधी अडली नाही. ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीच्या, सरावासाठी 24 ग्रॅमची काडतुसं घ्यायला लागल्यापासून मात्र पहिल्या बारानंतर रिकामं काडतूस ते बाहेर पडायच्या खिडकीतच अडकतं. थंडीत जास्तच. ओळखीचे एक जण म्हणतात, बॅरलमधलं गॅसचं छिद्र थोडं मोठं करून घ्या. करू का?

उत्तर : छिद्राला हात लावायचा नाही, दादा. अंबड-सातपूरला लेथवाल्यांची वानवा नाही, चहा संपायच्या आत कोणीही ड्रिल मारून देईल. पण मोठं केलेलं छिद्र परत लहान होत नाही. पुढे कधी जड काडतूस घातलंत की बोल्ट (काडतुसामागचा सरकता ठोकळा) मागे दणादण आदळणार आणि आज ना उद्या रिसिव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्याला, तडा जाणार. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती नि फेरफार हे परवाना असलेल्या कारागिराचंच काम. तुमच्याबरोबर तो लेथवालाही अडकेल.

आता दुखणं बघू. चाप ओढला की छर्रे बॅरलमधून पुढे सुटतात. त्यांनी ते छिद्र ओलांडल्यापासून तोंडातून बाहेर पडेपर्यंत जो क्षण मिळतो, तेवढ्यात थोडा गॅस छिद्रातून खाली उतरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन बोल्टला ढकलतो, बोल्ट रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो आणि परत येताना नवं आत घालतो. 32 वरून 24 ग्रॅमवर आलात म्हणजे छर्ऱ्यांचं वजन चौथ्या हिश्शाने उतरलं. जड काडतुसात जोर पुरून उरतो, त्यामुळे आत मळ असो, गंज असो, बंदूक सगळं ओढून नेते. हलक्यात शिल्लक काही राहत नाही. म्हणून मी काडतुसाला शिव्या देण्याआधी बंदूक उघडतो.

उघडायच्या आधी रिकामी काडतुसं कुठे पडतात ते बघा. चांगली चालणारी बंदूक ती लांब, एकाच बाजूला, साधारण एका पट्ट्यात फेकते. पायाशी पडत असतील तर बोल्ट पुरता मागे जात नाही. दुसरी खूण : मॅगझिनमध्ये, म्हणजे बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीत, एकच काडतूस भरून ते उडवा. बहुतेक सेमी ऑटोंत शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे अडून उघडा राहायला हवा. रिकामं बाहेर पडलं पण बोल्ट बंद झाला, तर तोच रोग, फक्त सुरुवात आहे.

मग पुढचं लाकूड काढा. मॅगझिन ट्यूबवर आणि पिस्टनवर काळा थर दिसेल. तो सॉल्व्हंट आणि पितळी ब्रशने काढा, गॅसची छिद्रं मोकळी करा आणि तिथे तेल जवळजवळ नाहीच असं ठेवा. आपल्याकडे तेल ओतण्याची फार हौस. ते तेल गॅसच्या धगीने जळतं आणि त्याचं डांबर होतं. बंदूक रेमिंग्टन 1100 च्या घराण्यातली असेल तर मॅगझिन ट्यूबवर एक रबरी ओ-रिंग असते. ती नखाने जरा ताणून बघा. चीर दिसली की बदला. एवढ्याशा रिंगपायी लोक बंदूक विकायला निघतात.

पण तुमच्या पत्रातला ‘थंडीत जास्त’ हा शब्द वाचून माझं लक्ष दस्त्याकडे गेलं. बऱ्याच सेमी ऑटोंत बोल्टला परत पुढे आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत, एका नळीत असते. तिथे कोणी जात नाही. बंदूक उभी ठेवली की वरचं सगळं तेल पाझरून तिथेच मुरतं, वर पावसाळ्याचा दमट. जुन्या बंदुकीची ती नळी उघडली की तपकिरी, चिकट, गुळाच्या काकवीसारखा राप निघतो, त्यात गंजाचे कण आणि लाकडाचा भुसा. निफाडकडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की हा राप आणखी घट्ट होतो. 32 ग्रॅम त्याला रेटून नेतं, 24 ग्रॅमला ते झेपत नाही. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि बोल्ट हाताने सावकाश मागे ओढून सोडा. खटकन बसला तर ठीक. खरखरला, मध्ये रेंगाळला, तर नळी भरली आहे समजा. मागचं रबर काढून ती नळी उघडता येते, पण स्प्रिंग दाबलेली असते आणि डोळ्यावर उडते. पहिल्यांदा कारागिराकडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. नळी कोरडी पुसायची, स्प्रिंगवर तेलाचा नुसता हात फिरवायचा, ग्रीस नाही.

चेंबर, म्हणजे बॅरलमधली काडतूस बसायची जागा, तीही पितळी ब्रशने घासा. बूड पितळेऐवजी लोखंडाचं असेल तर काही काडतुसं बारानंतर चेंबरला घट्ट धरून बसतात आणि बोल्टचा अर्धा जोर त्यांना उपटण्यात जातो.

एवढं करूनही अडली तर काडतुसाकडे वळा. आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रॅप आणि स्कीट या तबकड्यांच्या दोन्ही प्रकारांना छर्रे 24.5 ग्रॅमच्या वर चालत नाहीत, त्यामुळे 28 ग्रॅमची पळवाट तुम्हाला नाही. पण सगळी 24 ग्रॅम सारखी नसतात. डब्यावरचा वेग वाचा. मंद 28 पेक्षा वेगवान 24 बंदूक जास्त चांगली चालवतं, हे मी कितीदा बघितलंय. दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा घेऊन बघा. बंदुकीच्या पुस्तकात कमीत कमी लोड किती दिलंय तेही बघा. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसांसाठी केलेली, बॅरल असेल तर छिद्रं मुळातच बारीक ठेवलेली असतात. तिच्याकडून 24 ग्रॅमची अपेक्षा करणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. ट्रॅपला एका तबकडीवर दोन बार मिळतात. पहिला चुकला आणि दुसरा खिडकीत अडकला, की तबकडी गेली. स्पर्धेला मन लागलं असेल तर पुढेमागे वर-खाली दुनळी घ्या. ती हाताने उघडून भरायची, त्यामुळे तिला 24 काय नि 32 काय. तोवर स्पर्धेत बंदूक अडली तर ती स्वतः उघडू नका. तोंड रेंजकडे ठेवून थांबा, पंचाला बघू द्या. आणि बाराचा आवाज कधी ‘फुस्स’ आला तर पुढचं काडतूस अजिबात घालू नका. बंदूक रिकामी करा, बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का बघा. डाट (काडतुसातला दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) आत अडकलेला असला तर पुढच्या बाराला बॅरल फाटते.

प्रश्न : आजोबांची ब्राउनिंग आहे, पाठीला कुबड असलेली. हलक्या काडतुसाला रिकामं बाहेर पडतच नाही. हिला गॅसचं छिद्र सापडत नाही. (दिंडोरी)

उत्तर : सापडणार कसं, हिच्यात गॅसचा संबंधच नाही. जॉन ब्राउनिंगने 1900 साली पेटंट घेतलेली ही ऑटो-5. बार झाला की बॅरल आणि बोल्ट एकमेकांना धरून मागे जातात. पुढचं लाकूड आणि बॅरल काढा. मॅगझिन ट्यूबवर मोठी स्प्रिंग, तिच्या वर पितळी घर्षणाचा तुकडा आणि कुठेतरी एक उतरत्या कडेची पोलादी रिंग दिसेल. ती रिंग स्प्रिंग आणि पितळी तुकडा यांच्या मध्ये असेल तर बंदूक जड काडतुसासाठी लावलेली आहे. हलक्यासाठी ती स्प्रिंगच्या खाली, रिसिव्हरला टेकवून ठेवायची. आजोबांनी जड काडतुसासाठी लावली, पुढे कोणी बदलली नाही, एवढंच असावं. जड काडतूस वापरायचं झालं की रिंग आठवणीने वर घाला, नाहीतर बंदूक स्वतःलाच हाणून घेते. ट्यूबवर तेलाचा बारीक हात पुरे. दस्ता खांद्याला घट्ट टेकवून बार करा. आणि त्याआधी चेंबरची लांबी मोजून घ्या. जुन्या बंदुकांत ती 65 मिमी असू शकते, आणि आजची काडतुसं 70 ची असतात.

प्रश्न : धक्क्यावर चालणाऱ्या सेमी ऑटोच्या दस्त्यात मी धक्का कमी करायला शिशाचं वजन भरलं. आता 24 ग्रॅमला अडते. (नाशिकरोड)

उत्तर : वजन काढा. बेनेलीसारख्या बंदुकीत सगळी बंदूक मागे हलते, बोल्ट जडत्वाने जागीच राहतो आणि मधली स्प्रिंग दबते. त्या स्प्रिंगवरच तिचं सगळं चालतं. बंदूक जड केलीत म्हणजे ती कमी हलणार आणि स्प्रिंग पुरती दबणार नाही. धक्क्याचा त्रास होत असेल तर मागे चांगलं रबर लावा आणि दस्त्याची लांबी तुमच्या हाताला जुळवून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात बंदूक कव्हरमध्ये ठेवू का? (इगतपुरी)

उत्तर : इगतपुरीत तर मुळीच नाही. चामड्याचं आणि फोमचं कव्हर पाणी धरून ठेवतं. कुलपाच्या कपाटात उघडी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या. उभी ठेवताना तोंड खाली करा, म्हणजे तेल दस्त्यात उतरणार नाही. काडतुसं वेगळ्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात.